मोहरबंद नमुना

१

मासा बुडून मेला, हे ऐकून गोदीतली माणसं आधी हसली.

गोदीतल्या नौदलाच्या पाणबुड्यांच्या पथकात ज्याला मासा म्हणत, तो गडीच तसा होता. पाण्याखाली राहून राहून त्याला जमिनीवर धाप लागते, असं त्याचे सोबती सांगत. आईच्या पोटातून पोहत बाहेर आला आणि सुइणीलाच दोन हात शिकवून गेला, अशीही वदंता होती. असा माणूस सरावाच्या हौदात, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना बुडतो? पण हौदाच्या काठावर ताडपत्रीवर आडवा ठेवलेला देह पाहिला, आणि हसणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच्या पाठीवर पथकाचा नेहमीचा जुना श्वाससंच होता. त्या संचांची ख्याती अशी, की आजोबांनी वापरावा, बापानं ठिगळ लावावं आणि नातवानं शिव्या घालाव्यात. नवे संच घ्यायचं ठरलं त्याला एक जमाना लोटला होता. ठरवणाऱ्यांतले निम्मे निवृत्त झाले, काही थेट वर गेले. खरेदीच्या फायलीला वाळवी लागली, तर त्या वाळवीच्याही दोन पिढ्या त्याच कागदांवर खाऊनपिऊन सुखी झाल्या.

चौकशीला आलेल्या तपासनीस बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांचा सख्खा भाचा याच पथकात पाणबुड्या होता. त्याचं ऐकून पथक मावशी म्हणायला लागलं, आणि पथकाचं ऐकून वरिष्ठही. मावशी बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि समोरचा बोलत असताना आपण झोपलो आहोत असं त्याला वाटू देण्यात तरबेज.

हौदाशी त्यांची वाट पाहत उभा होता खरेदी समितीचा सचिव. याला खाजगीत शेरेबहाद्दर म्हणत, कारण समोर आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. आज मात्र तो घाईत होता. बंदराच्या तोंडाशी दारूगोळ्यानं भरलेलं एक जहाज बुडालं होतं. ते रिकामं करायला परवा सकाळी पथक खाली उतरणार होतं. माशाची बातमी वर पोचताच समितीनं जन्मात पहिल्यांदा तासाभरात निर्णय घेतला होता: जुने संच बाद, आणि चाचणीसाठी आलेली नव्या संचांची खेप, जी कोठारात पडून होती, ती पथकाला वाटून टाकायची.

"फक्त तुमचा अहवाल हवा," शेरेबहाद्दर म्हणाला. "जुन्या संचानं दगा दिला, एवढं एक वाक्य. तुमचाही भाचा आहेच की त्यांच्यात."

मावशींना आतून बरंच वाटलं. भाच्याच्या पाठीवर ते ठिगळांचं गाठोडं बघून त्यांच्या बहिणीनं किती वेळा डोळ्याला पदर लावला होता. त्यांनी पेन काढलं. मग रीत म्हणून वाकून मृताच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं.

बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा पेन परत पर्समध्ये गेलं होतं.

"हा त्या संचानं मेलेला नाही," त्या म्हणाल्या.

२

जुन्या संचाचा मुखवटा छोटा. डोळे आणि नाक झाकतो, बस्स. श्वासाची नळी वेगळी, ती दातांत धरायची. पण माशाच्या चेहऱ्यावर जो वळ उठला होता तो कपाळाच्या वरून निघून, कानांच्या पुढून उतरून, हनुवटीखाली जाऊन मिळत होता. वळाच्या आतली कातडी जांभळी पडलेली, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. हवा यायची थांबते आणि माणूस जिवाच्या आकांतानं श्वास ओढतो, तेव्हा मुखवटा तोंडाला जळूसारखा चिकटतो. ही खूण त्याची होती. मेलेल्या कातडीवर असा वळ उठत नाही. म्हणजे मासा जिवंत असताना त्याच्या तोंडावर अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा होता, आणि तसा मुखवटा पथकात कुणाकडेच नव्हता.

मावशींनी मग जुना संच मांडीवर घेतला. दातांत धरायच्या नळीला एक छोटी चावी असते. ती उघडली तर हवा तोंडात येते. नळी तोंडात नसेल तेव्हा चावी बंद ठेवायची, नाहीतर आतल्या हवेच्या पिशवीत पाणी शिरतं आणि संच वाया जातो. चावी बंद होती. मावशींनी ती उघडून पिशवी उलटी केली. एक थेंबही पडला नाही.

हौदाच्या तळाशी सापडलेल्या माणसाचा संच आतून कोरडा ठणठणीत. बंद चावीतून हा बाबा श्वास घेत होता की काय?

माशाला बाहेर काढलं होतं पथकाच्या शिक्षकानं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. साठीला टेकलेला, पिळदार, अंगावरचे कपडे अजून निथळत होते. पथकातल्या प्रत्येकाला पहिली बुडी त्यानंच मारायला लावलेली. तो सांगत होता ते सरळ होतं. माशाला एकट्यानं सराव करायचा होता, उस्ताद जेवायला गेला, परतून बघतो तर पाण्यावर बुडबुडे नाहीत. तसाच कपड्यांनिशी उडी मारली. बोलताना त्याचा आवाज दोनदा फुटला, आणि ते ढोंग नव्हतं. मावशींना माणसाचं रडणं पारखता येत असे.

निघताना त्यांना भाचा दारात भेटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, एक सांगू? मासा एकटा उतरणार नाही. आमच्यात कुणीच उतरत नाही. वर दोरी धरायला माणूस लागतो."

"त्याची दोरी कोण धरायचं?"

भाच्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "ते विचारू नका ना."

३

पूर्ण चेहऱ्याचे मुखवटे साऱ्या गोदीत एकाच जागी होते: कोठारात. तिथल्या कोठीदाराच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा, की त्याचं नाव किल्लेदार पडलं होतं. तो चालला की बैलगाडी आल्यासारखं वाटे. गंमत अशी, की नमुन्याच्या खोलीची किल्ली तेवढी त्या जुडग्यात नव्हती. ती दारामागे खिळ्याला असायची, आणि हे गोदीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

खोली बुटकी, पत्र्याच्या छपराची, भट्टीसारखी तापलेली. एका भिंतीला चाचणीच्या खेपेच्या पेट्या थरावर थर. दुसऱ्या भिंतीला एकच लाकडी पेटी, जिच्यात नव्या संचाचा मोहरबंद नमुना होता. खरेदी होईल तेव्हा येणारा प्रत्येक संच या नमुन्याशी ताडून बघायचा, म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक. नमुना आणि खेप एकाच जहाजातून, एकाच दिवशी आलेली.

पेटीच्या कडीवर लाखेची मोहर होती. लालभडक, नाण्याएवढी, नीटस.

किल्लेदारानं ती पाहिली आणि त्याच्या जुडग्याचा आवाज एकाएकी थांबला.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

त्यानं आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं ते असं. दरसाल नमुन्याची तपासणी व्हायची. शेरेबहाद्दर स्वतः यायचा. पण पेटी उघडायची तर मोहर फोडावी लागणार, मोहर फोडायची तर समितीची परवानगी लागणार, आणि परवानगी मागायची तर आतल्या नमुन्याला काही झालंय असं आधी लेखी दाखवावं लागणार. ते पेटी उघडल्याशिवाय कसं दाखवायचं? तेव्हा दोघांनी तोडगा काढला होता. मोहर शाबूत म्हणजे नमुना शाबूत. जुन्या मोहरेवरच लाखेचा नवा थर ओतायचा, वर तिथंच फळीवर पडलेला ठसा मारायचा, आणि 'नमुना सुस्थितीत' असा शेरा मारून चहा प्यायचा.

"दरसाल एक थर, मावशी. लाखेचा गोळा नारळाएवढा झाला होता. पेटी फळीखाली सरकेना, म्हणून मी ती पुढे ओढून ठेवायचो."

पेटी आता फळीखाली अगदी आत सरकवलेली होती.

मावशींनी लाखेला नख लावलं. लाख अजून पुरती टणक झाली नव्हती. त्यांनी पंच बोलावून मोहर फोडायला लावली. किल्लेदार हात जोडून विनवत होता, समितीची परवानगी नाही, माझी नोकरी जाईल. झाकण निघालं.

नमुना आतच होता. सगळ्या भागांसकट, व्यवस्थित घडी घातलेला. आणि ओलाचिंब.

४

त्या संध्याकाळी मावशींनी सगळ्यांना एकेकट्यानं बोलावलं.

नवे संच विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी पहिला आला. म्हणजे त्याचा सुवास पहिला आला, मागून तो. त्याला अत्तर म्हणत. ऐन तारुण्यात तो या खरेदीसाठी गोदीत पहिल्यांदा आला होता, आता त्याच्या मुलीला स्थळं येत होती. त्या दुपारी कुठे होतात, असं विचारल्यावर तो कसनुसं हसला. शेरेबहाद्दरच्या दाराबाहेरच्या बाकावर, म्हणाला, जिथे तो नेहमीच असतो. दोन शिपायांनी ते खरं असल्याचं सांगितलं, शिवाय बाकावर त्याच्या बुडाचा खळगाच पडला होता.

शेरेबहाद्दर दार लावून आत फायलींवर शेरे मारत होता. किल्लेदाराला खानावळीत पंचवीस जणांनी जेवताना पाहिलं होतं, आणि त्याचं जेवण म्हणजे लोकांनी थांबून पाहावं असंच असे.

पण मावशी कोण कुठे होतं यावर विसंबणाऱ्या नव्हत्या. साक्षी विकत मिळतात, सवयी मिळत नाहीत, असं त्यांचं मत. रात्री भाच्याला समोर बसवून त्यांनी त्याच्या ताटात वाढता वाढता सगळं उलगडलं.

"ज्यानं पेटी पुन्हा बंद केली त्याला थरांची गोष्ट माहीत नव्हती. तो गोळा म्हणजे सांडलेली लाख समजून त्यानं मोहर कशी असावी तशी केली, एकच, नीटस. किल्लेदार किंवा शेरेबहाद्दर असता तर नारळाएवढा गोळा केला असता. म्हणजे ते दोघे नाहीत."

"मग अत्तर," भाचा घाईनं म्हणाला. त्याला तसंच हवं होतं.

"अत्तरला संच विकता येतो, चढवता येत नाही. माशाच्या अंगावर जुना संच मेल्यावर चढवला, पट्टे अगदी जिथल्या तिथे, आणि मग देह परत पाण्यात सोडला. आता मला सांग, नळी तोंडात नसताना संच पाण्यात न्यायचा झाला तर तू काय करशील?"

"चावी बंद करीन."

"का?"

"का म्हणजे? हातच जातो. उस्तादांनी पहिल्या दिवशी कानफटीत मारून..." भाचा बोलता बोलता थांबला. हातातला घास तसाच राहिला.

"हात गेला," मावशी म्हणाल्या. "मुडदा सजवतानासुद्धा संच खराब होऊ नये म्हणून त्यानं चावी बंद केली. लबाडी करताना माणूस सगळं विसरतो, फक्त हाताला लागलेलं वळण विसरत नाही. आणि माशाची दोरी उस्तादच धरायचा, हो ना?"

भाच्यानं ताट बाजूला सारलं. त्यानं विचारलं, "पण नवा संच होता ना तो? मग मासा मेला कशानं?"

मावशींना नेमकं तेच कळत नव्हतं. आणि एक दिवस मध्ये गेला की तेच संच भाच्याच्या पाठीवर चढणार होते.

५

उस्ताद दुसऱ्या दिवशी हौदाच्या काठावर पाय सोडून बसलेला सापडला. मावशींनी येताना खेपेतला एक कोरा संच आणला होता. तो मांडीवर घेऊन त्या शेजारी बसल्या. मग मावशींनी चावीचं सांगितलं, लाखेचं सांगितलं. उस्तादानं नाही म्हटलं नाही. उलट अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखे त्याचे खांदे सैल झाले.

समितीची बैठक जवळ आली होती, तो सांगू लागला. पुन्हा कुणीतरी शंका काढणार, पुन्हा सगळं पहिल्यापासून. नवा संच पाण्यात कसा चालतो हे समितीतल्या एकानंही पाहिलं नव्हतं. त्यानं ठरवलं, माशाला नमुना घालून उतरवायचा, आणि जमलं तर बैठकीत छातीठोकपणे सांगायचं की मी पाहिलंय. मासा तर एका पायावर तयार होता. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा हसत उतरला. तळाशी पोचला, आणि दोरीला हिसके बसायला लागले.

"मी ओढला हो लगेच. पण वर आला तो..."

मग त्यानं बसून विचार केला होता. हे बाहेर फुटलं तर नव्या संचानं माणूस मारला असं होणार, आणि खरेदी कायमची बुडणार. त्यापेक्षा जुन्याचं नाव झालं तर निदान बाकीच्या पोरांना नवे मिळतील.

"जिवंतपणी आम्ही बोंबलून फाईल हलली नाही, मावशी. म्हटलं, मेलेला तरी हलवील. आणि हललीच की. तासाभरात."

"पण नवा संच का बिघडला, याचा विचार केलात?"

माशाचीच काहीतरी चूक झाली असेल, तो पुटपुटला. सवय नव्हती. घाबरला असेल.

"मासा? पाण्याला?"

मावशींनी मांडीवरच्या संचाचं झाकण उघडलं. आत एक चकतीएवढा रबरी पडदा असतो. श्वास ओढला की तो वाकतो आणि हवेची वाट उघडते. त्यांनी तो काढून उस्तादाच्या तळहातावर ठेवला आणि वाकवायला सांगितलं.

पडदा वाकला नाही. पापडासारखा मोडला. दोन तुकडे त्याच्या हातात राहिले आणि काळा भुगा पाण्यावर तरंगू लागला.

पत्र्याखाली वर्षानुवर्षं उन्हाळे सोसून रबर मेलं होतं. पेटीवर थर चढत होते, सुस्थितीत असल्याचे शेरे पडत होते, आणि आत प्रत्येक पेटीत तेच चाललं होतं. नवे संच कुणी एकदाही न वापरता म्हातारे होऊन गेले होते.

उस्तादानं तुकड्यांवर मूठ आवळली. आपण माशाचा मुडदा पुढे करून बाकीच्या पोरांसाठी काय मिळवलं, ते त्याला आत्ता कळत होतं.

"उद्या सकाळी," मावशी म्हणाल्या, "तुमची सगळी पोरं हे घालून उतरणार आहेत."

६

शेरेबहाद्दरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तुटलेल्या पडद्याकडे त्यानं चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. उस्तादाला अटक करा, म्हणाला, जरूर करा. पण खेप वाटायची मंजुरी समितीची आहे. ती मागे घ्यायची तर समितीच बसायला हवी. कालचा निर्णय घेऊन सभासद पांगले होते, अध्यक्ष रात्रीच परदेशात नवे संच बघायला गेले होते. शिवाय एक पडदा मोडला म्हणून सगळेच मोडतील कशावरून? प्रयोगशाळेत पाठवावं लागेल, प्रयोगशाळेची निविदा काढावी लागेल. बाहेर बाकावर अत्तर बसला होता, त्यानंही दारातून मान आत घालून हेच सुचवलं.

"आणि तोवर?"

"तोवर मंजुरी कायम. माझा इलाज नाही. माझ्या हातात फक्त शेरा आहे."

त्याला वाईट वाटत होतं, हे मावशींना दिसलं. त्यामुळेच त्या जास्त घाबरल्या. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हा तर सज्जनपणे पोरांना तळाशी पाठवत होता, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचा एकही नियम मोडणार नव्हता.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. डोळे मिटले. शेरेबहाद्दरला वाटलं, बाईंना डुलकी लागली. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "खुनाच्या, नाहीतर संशयास्पद मृत्यूच्या चौकशीत जप्त झालेल्या वस्तूला समिती हात लावू शकते?"

"छे. ती कोर्टाच्या ताब्यात. निकाल लागेपर्यंत कुणीच नाही."

"निकाल कधी लागतो?"

शेरेबहाद्दर पहिल्यांदाच मनापासून हसला. दिरंगाईत त्याच्या खात्यालाही लाज वाटावी असं एखादंच खातं देशात होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

दिवेलागणीच्या आत अख्खी खेप, मोडलेल्या पडद्यासकट, पुरावा म्हणून जप्त झाली. हवालदारांनी नमुन्याची खोली रिकामी केली, पेट्या गाडीत घातल्या. किल्लेदार ओस पडलेल्या भिंतीकडे बघत उभा होता. उस्ताद त्याच गाडीत, पेट्यांच्या मध्ये, हात मांडीवर ठेवून बसला. पथक फाटकाशी जमलं होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी निरोपही दिला नाही. मावशींनी भाच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता.

अहवालात त्यांनी जुन्या संचाला निर्दोष ठरवलं. त्यामुळे जुने संच बाद झाले नाहीत. ठरलेली सकाळ उजाडली तेव्हा पथक तेच ठिगळांचं गाठोडं पाठीवर बांधून नावेत बसलं.

मावशीही त्यांच्याबरोबर नावेतून बंदराच्या तोंडापर्यंत आल्या होत्या. पाणी शाईसारखं काळं होतं, आणि खाली कुठेतरी ते जहाज दारूगोळा पोटात घेऊन पडलं होतं. उस्तादाच्या जागी आज दोरी धरायला पथकातला दुसरा एक जण बसला होता. त्याची मूठ जरा जास्तच घट्ट होती. भाच्यानं पट्टे आवळले, आपल्या नळीवरचं नवं ठिगळ अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"मावशी," तो म्हणाला, "आता नव्यांचं काय?"

"परत पहिल्यापासून. आधी नमुना मागवायचा."

"म्हणजे कधी मिळतील?"

मावशींनी चष्मा पदरानं पुसला. "तू लग्न करून घे. तुझं पोरगं पाणबुड्या झालं, तर त्याला मिळतील."

नावेतले सगळे हसले. भाचाही हसला, आणि हसता हसताच त्यानं नळी दातांत धरली, चावी उघडली आणि पाण्यात शिरला. वर काही बुडबुडे आले. मावशींनी दोरीवाल्याच्या मागे सरकून, त्याच्याकडे न बघता, दोरीचं शेपूट आपल्या मनगटाला गुंडाळलं, आणि पाण्यावर डोळे लावून बसल्या.